घरीं तयार होणारा कागद आणि मराठी अक्षर

सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर तामलवाडी हें गांव आहे. तुळजाभवानी ही ज्यांची कुलस्वामिनी, अशा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं कुलाचाराच्या निमित्तानें ह्या गांवावरून प्रवास केला असेल. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराकडून पायीं निघालेल्या भाविकांची रीघ ह्याच वाटेनें तुळजापुराकडे जात असते. आजच्या विषयाशीं मात्र ह्या गांवाचा संबंध निराळ्याच कारणानें येतो. त्याचा पत्ता मराठींत पुरा लिहिला म्हणजे असा होतो: मु. पो. तामलवाडी, ता. तुळजापूर, जि. धाराशिव. ही एवढीशी ओळ संगणकाकडून कागदावर उतरवून घ्यावी आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचावी. पुष्कळदां तामलवाडी शुद्ध उमटते, तुळजापुरासहि फारसा धक्का लागत नाहीं. परंतु जिल्ह्याचें नांव 'धाराशवि' असें होऊन बसतें. हें असें कां होतें, त्यानें काय बिघडतें आणि गृहस्थाच्या हातीं त्यावर कोणता उपाय आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पीडीएफ म्हणजे काय ?

विजेचें बिल, आगगाडीचें तिकीट, मुलांची गुणपत्रिका, शेताचा सातबारा, हे सारे कागद हल्लीं मोबाइलवर 'पीडीएफ' ह्या रूपानें येतात, हें घरोघर माहीत झालें आहे. अमेरिकेंतील अ‍ॅडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनीं १९९१ सालीं ह्या पद्धतीची कल्पना मांडली. एका यंत्रावर तयार केलेला कागद दुसऱ्या कोणत्याहि यंत्रावर जसाच्या तसा दिसावा व छापतां यावा. अक्षराचें वळण, ओळींची मांडणी, समास, ह्यांपैकीं कांहींहि बदलूं नये, असा त्यांचा हेतु होता. १९९३ मध्यें ही पद्धति बाजारांत आली आणि २००८ सालीं तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

अशा फाइलीची अंतर्रचना मोठी मौजेची असते. ती कोणत्या आवृत्तीची आहे हें पहिल्याच ओळींत लिहिलेलें असतें. पुढें क्रमांक दिलेलीं प्रकरणें येतात. एकांत पानाची लांबीरुंदी, दुसऱ्यांत अक्षरांचा ठसा, तिसऱ्यांत 'अमुक जागीं अमुक अक्षर उमटवावें' अशा आज्ञा. मापें इंचाच्या बहात्तराव्या भागांत मोजलीं जातात. त्या मानानें आपला नेहमींचा ए-फोर कागद सुमारें ५९५ रुंद व ८४२ उंच भरतो. सर्वांच्या शेवटीं एक अनुक्रमणिका असते, आणि कोणतें प्रकरण फाइलीच्या आरंभापासून कितव्या बाइटावर सुरू होतें तें तींत नोंदलेलें असतें. वाचणारें यंत्र ही पोथी शेवटून उघडतें, आधीं अनुक्रमणिका पाहतें आणि मग हवें तें पान काढतें.

ब्राउझरमधील छापखाना

हा कागद तयार करण्याचें काम पूर्वीं बहुधा दूरच्या मोठ्या संगणकावर होई. आपण रकाने भरावे, भरलेली माहिती तिकडे जावी आणि तिकडून तयार कागद यावा, अशी रीत असे. पुष्कळ ठिकाणीं आजहि तसेंच चालतें. परंतु ज्या ब्राउझरमधून आपण हीं पानें पाहतों, त्याच्या पोटांत जावास्क्रिप्ट नांवाची एक भाषा चालते. १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं तिचा पहिला सांगाडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला, तेव्हां पानावरील किरकोळ हालचालींपलीकडे तिच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती. पुढें ब्राउझरांचा वेग वाढला आणि ह्या भाषेकडून मोठालीं कामें करून घेतां येऊं लागलीं. जेम्स हॉल यांनीं २०१० च्या सुमारास 'जेएसपीडीएफ' हें साधन सर्वांस खुलें करून दिलें. 'पीडीएफकिट', 'पीडीएफमेक', 'पीडीएफ-लिब' हीं त्यानंतरचीं त्याच जातीचीं साधनें होत. मोझिला संस्थेनें २०११ मध्यें उलट बाजूचें काम हातीं घेतलें, म्हणजे पीडीएफ उघडून दाखविणारें साधन जावास्क्रिप्टमध्यें लिहिलें. फायरफॉक्समध्यें आपण जी पीडीएफ उघडतों ती त्याच साधनानें दिसते.

अशा साधनाची योजना केलेल्या पानावर माहिती भरून बटण दाबलें, कीं ब्राउझर आपल्या स्मृतींत वर सांगितलेलीं सारीं प्रकरणें जुळवितो, शेवटची अनुक्रमणिका मांडतो आणि तयार फाइल आपल्याच यंत्रावर उतरवून देतो. ह्या कामांत एक अक्षरहि घराबाहेर जाण्याची गरज नसते.

घरची गोष्ट घरांत

ही सोय केवळ वेळेची बचत नव्हे. समजा, तामलवाडीसारख्या गांवीं एखाद्या महिला बचतगटाच्या चिटणीसबाईंस दरमहाच्या बैठकीचा हिशेब तयार करावयाचा आहे. कोणी किती बचत भरली, कोणास कर्ज दिलें, कोणाचा हप्ता थकला, हें सारें त्या कागदांत येणार. शेजारणीचा हप्ता थकल्याची वार्ता परक्या संगणकावर जाऊन राहावी, ह्याचें प्रयोजन काय ? हाच प्रश्न मृत्युपत्राच्या मसुद्याविषयीं, वैद्यकीय तपासणीच्या टिपणाविषयीं आणि उपवर मुलामुलींच्या माहितीपत्रकाविषयीं पडतो. आपल्यांतील कित्येक घराणीं कुलवृत्तान्त सिद्ध करीत असतात. त्यांत हयात माणसांच्या जन्मतिथि, पत्ते, विवाहसंबंध असा मजकूर असतो, आणि तो सर्व नातलगांनीं मोठ्या विश्वासानें धाडलेला असतो. असा मजकूर 'येथें टाका, पीडीएफ करून देतों' म्हणणाऱ्या कोणत्याहि अनोळखी पानावर टाकणें हें त्या विश्वासास शोभणारें नाहीं.

खेड्यांत आणखी एक लाभ आहे. पान एकदां पुरतें उघडलें, कीं पुढचें काम जाळ्याचा संबंध तुटला तरी चालूं शकतें. जेथें संपर्क येतो-जातो तेथें ही गोष्ट लहान नाहीं.

बाराखडीचा पेंच

येथवर सारें गोड आहे. अडचण येते ती मराठींत लिहूं लागल्यावर.

शाळेंत बाराखडी घोकतांना मूल आधीं 'श' म्हणतें आणि मग त्यास पहिली वेलांटी देऊन 'शि' करतें. पाटीवर मात्र ती वेलांटी 'श'च्या डावीकडे उमटते. म्हणण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा क्रम दुसरा. पूर्वींचा जुळारी खिळे लावतांना लिहिण्याचा क्रम पाळी, आणि मराठी टंकलेखन यंत्रावरहि वेलांटीची कळ आधीं व व्यंजनाची नंतर दाबावी लागे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ह्या जागतिक वर्णसंकेतानें देवनागरीस १२८ जागा दिल्या आणि म्हणण्याचा क्रम पत्करला. त्यामुळें संगणकाच्या स्मृतींत 'धाराशिव' हा शब्द ध, काना, र, काना, श, वेलांटी, व ह्या क्रमानें असतो. जें साधन हा क्रम जसाच्या तसा कागदावर ओततें, त्याच्या हातून वेलांटी 'श'च्या पुढें पडते आणि 'व'ला जाऊन चिकटते. 'धाराशवि' होतें तें असें. दिनकररावांचे 'दनिकरराव' होतात तेहि ह्याच न्यायानें.

जोडाक्षरांची कथा याहून बिकट आहे. स्मृतींत 'प्र' हें एक अक्षर नसून प, हलन्ताची खूण आणि र, अशीं तीन चिन्हें असतात. त्यांचा सांधा न जुळविला तर 'प्रमाणपत्र' हा शब्द 'प्‌रमाणपत्‌र' असा पाय मोडून पडतो. २०२३ मध्यें उस्मानाबादचें नांव धाराशिव झालें. नव्या नांवांत वेलांटीची परीक्षा आहे, तर जुन्या नांवांत अर्ध्या 'स'ची होती. ज्यास सांधा येत नाहीं तो तेंहि 'उस्‌मानाबाद' असें लिहितो. तामलवाडी सुखरूप राहते, कारण तिच्या नांवांत जोडाक्षर नाहीं आणि तिचे काने व दुसरी वेलांटी हीं सर्व आपापल्या अक्षराच्या उजवीकडेच येतात. तुळजापुरांतले उकार मागच्या अक्षराच्या पायाशीं सरकतील अशाच बेतानें ठशांत कोरलेले असतात, म्हणून तेहि बहुधा निभावतात. रफाराची गोष्ट आणखी निराळी आहे. 'सूर्य' ह्या शब्दांत र आधीं उच्चारावयाचा, पण त्याची खूण 'य'च्या डोक्यावर चढवावयाची. शिवाय 'दऱ्याखोऱ्या' किंवा 'तऱ्हा' ह्यांतील आडवा र हिंदी लेखनांत सहसा लागत नाहीं. मराठीस तो पदोपदीं लागतो.

पडद्यावर शुद्ध, कागदावर अशुद्ध

कोणी विचारील, कीं त्याच ब्राउझरच्या पडद्यावर 'धाराशिव' शुद्ध दिसतें, मग त्यानेंच केलेल्या कागदावर तें अशुद्ध कां व्हावें ? ह्याचें उत्तर असें. अक्षरांच्या ठशाच्या फाइलींत, म्हणजे फाँटांत, सांध्याचे नियम लिहिलेले असतात. पण ते वाचून अमलांत आणणारा कोणी तरी लागतो. क्रोम आणि फायरफॉक्स ह्या ब्राउझरांत पडद्यापुरतें हें काम 'हार्फबझ' नांवाचें साधन करतें. बेहदाद एस्फाबोद ह्या इराणी वंशाच्या तंत्रज्ञानें तें वाढविलें, आणि त्याचें नांव अक्षरवाचक 'हर्फ' ह्या शब्दावरून आलें आहे. तुळजापूर तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्याचा कारभार उर्दूंत चाले. तेव्हां तिकडच्या जुन्या माणसांस हा शब्द मुळींच परका वाटणार नाहीं. तेथील मराठी नांवें आज पडद्यावर नीट दिसतात तीं ह्या हर्फाच्या कृपेनें.

परंतु पीडीएफ जुळविणारें जावास्क्रिप्टचें साधन आपली पोथी आपण लिहितें. हार्फबझनें पडद्यासाठीं केलेली जुळणी त्याच्या हातीं आपोआप येत नाहीं. त्यांतून पीडीएफच्या मूळ व्यवस्थेंत जे १४ ठसे गृहीत धरलेले आहेत त्यांत देवनागरीचें एकहि अक्षर नाहीं. नुसत्या त्यांच्यावर विसंबलें तर मराठीच्या जागीं निरर्थक खुणांची रांग उमटते. मराठी ठसा फाइलींत घातला म्हणजे अक्षरें उमटूं लागतात, पण सांधा करणारा कोणी नसेल तर वेलांटी आणि हलन्त आपापल्या वाटेनें जातात. थोडक्यांत, खिळे आणून दिले, पण जुळारी ठेवलाच नाहीं, अशी ही स्थिति आहे.

छापण्याचा आणि मराठीचा हा झगडा नवा नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ मध्यें शिळाछापावर पंचांग काढलें. त्यांत हातानें लिहिलेलेंच अक्षर दगडावर उतरत असल्यामुळें जोडाक्षराचा प्रश्न उद्भवत नसे. खिळ्यांची छपाई रुजली तेव्हां जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यानें देखण्या खिळ्यांबद्दल लौकिक मिळविला. परंतु एकेका जोडाक्षरास वेगळा खिळा लागे, आणि खिळ्यांची ती भाराभर संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनींहि खटपट केली. संगणकाच्या काळांत र. कृ. जोशी यांनीं घडविलेला 'मंगल' हा ठसा विंडोजबरोबर घरोघर गेला. प्रत्येक नव्या छपाईनें मराठीस आधीं मोडलें आणि जाणत्या माणसांनीं ती मागाहून सांधली, असाच हा इतिहास आहे.

तीन मार्ग

आज ब्राउझरमध्यें मराठी कागद करावयाचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ब्राउझरच्या स्वतःच्या 'छापा' ह्या आज्ञेचा. तींत 'पीडीएफ म्हणून जतन करा' असा पर्याय असतो. येथें जुळणी ब्राउझरच करीत असल्यामुळें पडद्यावर दिसतें तसेंच शुद्ध मराठी कागदावर येतें. घरगुती कामास हा मार्ग उत्तम. त्यांत उणें एवढेंच, कीं समास, पानाच्या माथ्यावरील तारीख इत्यादि गोष्टी दरएक ब्राउझरांत निरनिराळ्या येतात, आणि शंभर सभासदांच्या शंभर पावत्या करावयाच्या तर तीच खिडकी पुन्हा पुन्हा उघडावी लागते.

दुसरा मार्ग चित्राचा. पडद्यावरील मजकुराचें एक चित्र घ्यावयाचें आणि तें पीडीएफच्या पानावर चिकटवावयाचें. हा जुना शिळाछापच म्हणावयाचा. अक्षर मोडत नाहीं. पण मोठें करून पाहिलें तर कडा पुसट होतात, फाइल जड होते, आंतील शब्द शोधतां येत नाहीं, आणि दृष्टिहीन माणसाचें वाचून दाखविणारें यंत्र अशा पानापुढें मुकें होतें. हे तोटे पाहतां, जो कागद जपून ठेवावयाचा आहे तो ह्या मार्गानें करूं नये.

तिसरा मार्ग जुळाऱ्यास आंत आणण्याचा. पीडीएफकिट आणि पीडीएफमेक हीं साधनें 'फाँटकिट' नांवाच्या साधनाची मदत घेतात व त्यास ठशांतील सांध्याचे नियम वाचतां येतात. याशिवाय हार्फबझच आतां वेबअसेंब्लीच्या रूपानें ब्राउझरच्या पानांत चालवितां येतें. त्याजकडून जुळणी करून घ्यावी आणि जुळलेलीं रूपें जागच्या जागीं मांडावीं. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या मंडळीचा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो' असे चांगले देवनागरी ठसे विनामूल्य मिळतात, आणि सबंध ठसा न घालतां कागदांत जेवढीं अक्षरें आलीं तेवढींच घालण्याची सोय असते. ह्या मार्गास कारागिराचे श्रम अधिक पडतात. परंतु सहकारी संस्था, शाळा, प्रकाशक यांना कायमचा उपाय हवा असेल तर हाच होय.

पारखावें कसें ?

ज्यास जावास्क्रिप्टचें एक अक्षर येत नाहीं, त्यासहि चार परीक्षा घरीं करतां येतात. पहिली, वाचून पाहण्याची. 'धाराशिव जिल्हा, दत्तात्रेय, लक्ष्मी, ज्ञानेश्वर, सूर्य, दऱ्याखोऱ्या, हृदय, श्रद्धा' एवढे शब्द लिहून कागद तयार करावा. हे नीट उमटले तर बाकीची मराठी बहुतेक नीट उमटेल.

दुसरी, शोधण्याची. तयार फाइलींत 'धाराशिव' हा शब्द शोधून पाहावा आणि एखादी ओळ उचलून दुसरीकडे उतरवावी. दिसणें आणि असणें ह्यांत येथें भेद पडतो. कागदावर मोडलेला शब्द आंत शुद्ध असूं शकतो, आणि दिसायला देखणा शब्द उचलतांच त्याचे तुकडे होतात, कारण कोणतें रूप कोणत्या वर्णांचें आहे ही उलट नोंद फाइलींत नीट केलेली नसते. नातवंडांनीं पुढें कुलवृत्तान्तांतून पणजोबांचें नांव शोधावें अशी इच्छा असेल, तर ही परीक्षा टाळूं नये. दीर्घकाळ जतन करावयाच्या कागदांसाठीं पीडीएफ-ए नांवाचें निराळें प्रमाण २००५ सालापासून आहे. लागणारे ठसे फाइलीच्या आंतच असले पाहिजेत, हा त्याचा एक मुख्य दंडक आहे.

तिसरी, मोठें करून पाहण्याची. चौपट-आठपट मोठें केल्यावर अक्षराची कड स्वच्छ राहिली तर तें खरें अक्षर. फुटली तर चित्र.

चौथी, जाळें तोडण्याची. पान पुरतें उघडल्यावर मोबाइलचा किंवा संगणकाचा संपर्क बंद करावा, मग माहिती भरून बटण दाबावें. कागद तयार झाला, तर काम आपल्याच यंत्रांत होतें असें समजावें. अडला, तर माहिती बाहेर जाते असें धरून चालावें. संपर्क पुन्हा सुरू करण्यापूर्वीं तें पान बंद केलें म्हणजे अधिक बरें.

येथें एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. घरीं तयार केलेला कागद कितीहि सुबक असला तरी त्यास सरकारी दाखल्याची प्रतिष्ठा येत नाहीं. ती येते अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीमुळें, आणि अशा स्वाक्षरीस २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें मान्यता दिली आहे. महाराष्ट्रांत १ मे २०१८ रोजीं डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास आरंभ झाला तो त्याच तत्त्वावर. असा कागद सरकारी संगणकावरूनच आला पाहिजे. आपला अर्ज, हिशेब, पावती, निमंत्रण, वंशावळ, हे कागद मात्र घरीं करण्याजोगे आहेत आणि ते घरींच करणें शहाणपणाचें आहे.

कोणी म्हणेल, एका वेलांटीनें काय होतें, वाचणारा समजून घेतो. समजून घेणारा माणूस समोर असेल तोंवर हें खरें. पण कागद आतां माणसापुढें जातो तितकाच यंत्रापुढेंहि जातो, आणि दिनकर व दनिकर हीं एकाच माणसाचीं नांवें आहेत हें यंत्रास कळत नाहीं. माणसासहि हें दर वेळीं कळतेंच असें नाहीं. वारसाच्या नोंदींत, शाळेच्या दाखल्यांत किंवा बँकेच्या खात्यांत नांवाचा मेळ बसेना म्हणजे ज्याला खेटे घालावे लागतात, त्याला विचारावें. तुळजापूर तालुक्यांतल्या माणसास तर जिल्ह्याचें नांवच दर अर्जावर लिहावें लागतें.

ठसे घडविणाऱ्यांनीं आपलें काम केलें आहे, सांध्याचे नियम लिहिणाऱ्यांनींहि केलें आहे. उरलें आहे तें वापरणाऱ्यांचें. एखाद्या संस्थेनें मोडक्या अक्षरांचा कागद हातीं दिला तर तो मुकाट्यानें घेऊं नये. कोणतें अक्षर कोठें मोडलें तें दाखवून तो परत करावा, आणि दुरुस्तीचे मार्ग आहेत हेंहि सांगावें. घरांतील मुलगा किंवा मुलगी ह्या विद्येंत असेल, तर तिनें आपल्या साधनाची परीक्षा इंग्रजी वाक्यावर न थांबवितां तामलवाडीचा पुरा पत्ता लिहून घ्यावी. जिल्ह्याचें नांव शुद्ध उमटेपर्यंत काम पुरें झालें असें समजूं नये.